वर्तन मोजणाऱ्यांची तालीम

उपयोजित वर्तन-विश्लेषणात पीएच.डी. करायला आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला सुरुवातीलाच एक किरकोळ वाटणारे काम येते. एखाद्या मुलाच्या एका वागण्याची व्याख्या लिहायची. 'मूल चिडते' असे लिहिले तर कागद परत येतो. चिडणे कोणी पाहिले? दिसले ते ओरडणे, हात चावणे, वस्तू फेकणे. मग 'वस्तू फेकणे' अशी दुरुस्ती होते आणि कागद पुन्हा परत येतो. खेळताना टाकलेला चेंडू यात धरायचा का? हातातून निसटलेली पेन्सिल? टेबलावरून कोपराने ढकललेले पुस्तक? शेवटी व्याख्या साधारण अशी उतरते : 'हातातली किंवा हाताच्या टप्प्यातली वस्तू किमान हातभर लांब जाऊन पडेल अशी भिरकावणे किंवा ढकलणे, खेळात दुसऱ्याकडे टाकलेला चेंडू धरू नये.' दोन माणसांनी ही व्याख्या वाचून, आपसात न बोलता, त्याच मुलाकडे दहा मिनिटे पाहिले आणि दोघांच्या खुणा जुळल्या, तर व्याख्या पास. खुणा जुळल्या नाहीत तर दोष पाहणाऱ्यांचा मानत नाहीत. व्याख्या कच्ची मानतात आणि ती पुन्हा लिहायला लावतात.

'एबीए' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा विषय आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर येतो तो स्वमग्न मुलांच्या थेरपीच्या निमित्ताने. विषयाचा आवाका त्याहून मोठा आहे. वागणे माणसाच्या आत कुठेतरी उगवते असे न धरता, त्याच्या आधी काय घडले आणि नंतर काय पदरात पडले याच्याशी ते बांधलेले असते, हे त्याचे मूळ गृहीतक. बी. एफ. स्किनर यांनी १९३८च्या 'द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स' या ग्रंथात ते उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडले. ज्या परिणामामुळे एखादे वागणे पुढे वाढते तो प्रबलक, आणि तो मिळेनासा झाला की ते वागणे ओसरते ते विलोपन. एवढ्या भांडवलावर शाळा, रुग्णालये, कारखाने, व्यसनमुक्ती केंद्रे आणि घरे यांतल्या प्रश्नांना भिडायचे, म्हणून 'उपयोजित'.

या शाखेला स्वतःचे घर मिळाले १९६८ साली. 'जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनॅलिसिस' या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात डोनाल्ड बेअर, माँट्रोस वुल्फ आणि टॉड रिसली यांनी या विषयाच्या सात कसोट्या सांगणारा लेख लिहिला. निवडलेले वागणे त्या माणसाच्या जगण्यात खरोखर महत्त्वाचे हवे. ते मोजता यायला हवे. बदल आपल्या उपायामुळेच झाला हे दाखवता यायला हवे. आणि कृती अशी लिहून ठेवलेली हवी की वाचणाऱ्या तिऱ्हाइताला ती जशीच्या तशी करता यावी. उरलेल्या कसोट्या तत्त्वांशी सुसंगती, परिणामाचा आकार आणि बदलाचा टिकाऊपणा यांच्याविषयी आहेत. अर्ध्या शतकाहून जुना हा लेख आजही पीएच.डी.च्या पहिल्या वाचनयादीत असतो आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो.

नर्सच्या खोलीतला प्रबंध

विषयाला नाव मिळण्याच्या आधीच त्यातला एक नमुनेदार प्रबंध लिहून झाला होता. तेओदोरो आयलॉन हे ह्यूस्टन विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांनी कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात, वेबर्नच्या मनोरुग्णालयात काम केले. तिथली एक रुग्ण दिवसभर नर्सच्या खोलीत येऊन त्यांच्या कामात व्यत्यय आणायची. तिला समजावून झाले, हाताला धरून बाहेर नेऊन झाले, काही उपयोग होईना. आयलॉन यांनी आधी फक्त मोजायला सांगितले : ती दिवसाला सरासरी १६ वेळा येत होती. मग नर्सना एकच सूचना दिली. ती आली की तिच्याकडे लक्ष द्यायचे नाही. सात आठवड्यांनी सरासरी दोनवर आली. तिला बाहेर काढताना नर्स जे बोलत होत्या, हात धरत होत्या, तेच तिला हवे होते.

आयलॉन आणि त्यांचे मार्गदर्शक जॅक मायकेल यांनी हे काम १९५९ साली प्रसिद्ध केले. त्यात पुढच्या सगळ्या प्रशिक्षणाचा साचा दिसतो. उपाय करतात वॉर्डातली माणसे. विद्यार्थ्याने मोजमाप बसवायचे, वॉर्डातल्या माणसांना शिकवायचे आणि स्वतः शक्य तितके बाजूला राहायचे. रुग्णाच्या मनात काय चालले असेल यावर त्या काळातल्या मनोविश्लेषकांनी पानेच्या पाने लिहिली असती. या प्रबंधात त्याबद्दल चकार शब्द नाही. हा संयम म्हणायचा की झापड, यावर वाद तेव्हाही झाला आणि आजही होतो.

दुसरे उदाहरण वॉशिंग्टन राज्यातले. डिकी या नावाने शोधनिबंधात आलेला साडेतीन वर्षांचा स्वमग्न मुलगा. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चष्मा लावला नाही तर दृष्टी जाण्याचा धोका. चष्म्याला तो हात लावू देत नव्हता, डोके आपटायचा, झोपायचा नाही. वुल्फ, तेव्हा विद्यार्थीच असलेले रिसली आणि रुग्णालयातले मानसशास्त्रज्ञ हेडन मीस यांनी पायऱ्या पाडल्या. आधी खोलीत बिनकाचांच्या फ्रेमी ठेवल्या. फ्रेम उचलली की खाऊचा घास, हातात धरली की घास, डोळ्यांजवळ नेली की घास. हे सगळे सुरळीत झाले नाही. पहिल्या काही आठवड्यांत प्रगती रखडली आणि खाऊ कोणता, किती आणि केव्हा द्यायचा याची मांडणी बदलावी लागली. घरी जाताना डिकी दिवसाला सुमारे बारा तास चष्मा लावत होता. एकूण तास ६००च्या पुढे गेले होते. हा निबंध १९६४चा. शिकवताना प्राध्यापक त्यातल्या यशापेक्षा रखडलेल्या आठवड्यांवर जास्त वेळ घालवतात, आणि ते रास्तच आहे. हत्याराला धार लावायला विद्यार्थी शिकतो तो तिथेच.

कॅन्ससची वस्ती, मिशिगनचा किल्ला

साठच्या दशकाच्या मध्यावर बेअर, वुल्फ आणि रिसली कॅन्सस विद्यापीठात जमले आणि तिथला बालविकासाचा विभाग या विषयाची पंढरी झाला. आज त्याचे नाव उपयोजित वर्तनविज्ञान विभाग असे आहे. त्याचे खरे वैशिष्ट्य इमारतीबाहेर होते. कॅन्सस सिटीच्या ईशान्य भागातल्या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्तीत १९६४ साली 'जुनिपर गार्डन्स' प्रकल्प सुरू झाला आणि संशोधक विद्यार्थी तिथल्या वर्गांत, घरांत जाऊन काम करू लागले. वाचनात मागे पडलेली मुले, वर्गातला गोंधळ, घरातली बोलाचाली हे त्यांचे विषय. लॉरेन्स गावात 'अचीव्हमेंट प्लेस' नावाचे घर उघडले. कायद्याच्या कचाट्यात सापडलेली मुले तिथे एका जोडप्यासोबत राहायची आणि रोजच्या वागण्यातून गुण कमवायची. विद्यापीठाच्या आवारात बालवाडी, वस्तीत प्रकल्प, गावात घर : पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा शोधत हिंडावे लागत नव्हते.

मिशिगनमधल्या कॅलमझू गावी वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आहे. त्याला गमतीने 'मक्याच्या शेतांतला स्किनरचा किल्ला' म्हणत. जॅक मायकेल इथे अनेक वर्षे शिकवत होते. त्यांच्या शिकवण्यात स्किनर यांच्या १९५७च्या 'व्हर्बल बिहेवियर' या अवघड पुस्तकाला मोठे स्थान होते. मूल 'पाणी' म्हणाले म्हणजे नेमके काय झाले? तहान लागून मागितले तर ते एक वर्तन. नळातून पडताना पाहून नाव घेतले तर दुसरे. आई म्हणाली म्हणून मागोमाग म्हटले तर तिसरे. उच्चार तोच, पण एक शिकवले म्हणून दुसरे आपोआप येईल याची खात्री नाही. चित्रातले पाणी ओळखणारे मूल तहान लागल्यावर नुसते रडते, हा अनुभव पालकांना आहे. त्याची उकल या पुस्तकात आहे. डिक मॅलट यांच्यासारख्या प्राध्यापकांनी त्याच विभागात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उंदरांची प्रयोगशाळा चालवली आणि ती चालवण्याचे काम संशोधक विद्यार्थ्यांकडे असे.

नेवाडाच्या रीनो शहरात १९९० साली लिंडा हेज यांनी उभ्या केलेल्या अभ्यासक्रमाची अटच वेगळी होती. विद्यापीठाच्या तिजोरीवर भार न टाकता त्याने आपला खर्च स्वतः काढायचा. विकलांगांसाठीच्या सेवांची कंत्राटे घ्यायची, विद्यार्थ्यांनी ते काम करायचे आणि त्यातून त्यांचे विद्यावेतन निघायचे. यात धोका उघड आहे. पोटापाण्याचे काम संशोधनाचा वेळ खाते. पण पगार देणाऱ्या संस्थेला आठवड्याला काहीतरी फरक दिसावा लागतो, ही शिस्तही विद्यार्थ्याला लागते.

ही केंद्रे संगीतातल्या घराण्यांसारखी आहेत. कोणाकडे शिकलात हे विचारले जाते आणि त्यावरून तुमच्या प्रयोगाची रचना कशी असेल याचा अंदाज बांधला जातो. प्रवेशही बहुतेक ठिकाणी विभागाकडे अर्ज करून लॉटरी लागल्यासारखा मिळत नाही. एका प्राध्यापकाने 'हा विद्यार्थी माझ्या प्रयोगशाळेत घेतो' असे म्हणावे लागते. त्यानंतरची चार-पाच वर्षे, किंवा त्याहून थोडी अधिक, त्या एका माणसाच्या सवयी अंगात भिनतात, चांगल्या आणि वाईट दोन्ही.

चार खोल्या, एक प्रश्न

या प्रशिक्षणातले सर्वांत कसबी काम म्हणजे कार्यात्मक विश्लेषण. त्याची पद्धत ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी बाल्टिमोरच्या केनेडी संस्थेत घडवली; निबंध १९८२ साली आला आणि १९९४ साली मुख्य नियतकालिकाने तो पुन्हा छापला. प्रश्न होता स्वतःला इजा करणाऱ्या मुलांचा. डोके भिंतीवर आपटणारी, हाताला चावे घेणारी मुले. असे का करतात, यावर तोवर अंदाजच चालत.

इवाटांनी अंदाज बाजूला ठेवून परिस्थिती बदलून पाहिली. एका पंधरा मिनिटांच्या सत्रात मोठे माणूस खोलीत असते, पण आपल्या कामात गुंग. मुलाने स्वतःला मारले की ते 'असं करू नको, लागेल' म्हणत जवळ येते. दुसऱ्यात अभ्यासाचे काम दिले जाते. मारले की काम काही काळ थांबवतात. तिसऱ्यात मूल एकटे, खेळणी नाहीत, कोणी नाही. चौथ्यात खेळणी आहेत, लक्ष आहे, काम काहीच नाही, हे तुलनेसाठी. सत्रे आलटून पालटून चालतात आणि प्रत्येकातले आघात मोजले जातात. कोणत्या परिस्थितीत आकडा चढतो त्यावरून त्या वागण्याचे काम कळते. पहिल्या अभ्यासातल्या नऊपैकी सहा जणांत एकेक परिस्थिती ठळकपणे वेगळी निघाली. इजा हाताबाहेर जाऊ नये म्हणून वैद्यकीय देखरेख होती आणि सत्र केव्हा थांबवायचे तेही आधीच ठरलेले होते.

याचे महत्त्व उपाय ठरवताना कळते. दोन मुले डोके आपटतात. शाळेत दोघांनाही तेच करतात : मूल आपटू लागले की वर्गाबाहेर बसवायचे. पहिल्याला लक्ष हवे होते, बाहेर बसल्यावर ते मिळत नाही, त्याचे आपटणे कमी होते. दुसऱ्याला अवघड गणितातून सुटका हवी होती. बाहेर बसवून शाळेने नेमकी तीच दिली. त्याचे आपटणे वाढते आणि शाळा शिक्षा आणखी कडक करते. बाहेरून एकसारखे दिसणारे वागणे, उलट्या दिशेचे उपाय. एबीएच्या नावाखाली बक्षिसांचे तक्ते चिकटवणारा आणि पीएच.डी. झालेला विश्लेषक यांच्यातला फरक सांगायचा झाला, तर दुसऱ्याने तक्ता चिकटवण्याआधी हा प्रश्न विचारलेला असतो. फरक एवढाच असतो. केसला तो पुरतो.

हे सत्र चालवायला शिकणे म्हणजे अभिनय शिकणे आहे. 'गुंग' असलेल्या माणसाने खरोखर गुंग दिसावे लागते. मूल हात चावत असताना चेहरा न बदलता घड्याळाकडे पाहावे लागते आणि ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या आवाजात बोलावे लागते. एकेरी आरशामागे बसलेली सहविद्यार्थिनी मुलाच्या खुणा करते, आणि दुसऱ्या रकान्यात थेरपिस्ट कृतीला धरून वागला की नाही याच्याही. नवशिका पहिल्या सत्रांत दचकतो, पुढे झेपावतो, चुकून हसतो. त्याची नोंद होते आणि संध्याकाळच्या बैठकीत ती सगळ्यांसमोर वाचली जाते.

आलेखाची भाषा

या क्षेत्रातला प्रबंध पाहिला तर मानसशास्त्राच्या इतर प्रबंधांपेक्षा तो हडकुळा वाटतो. शंभर मुलांची सरासरी काढलेली नसते. बऱ्याचदा तीन-चार मुले असतात आणि प्रत्येकाचा स्वतंत्र आलेख. आधी बेसलाइन, म्हणजे काही न करता वागणे कसे आहे ते, ठिपक्यांची ओळ स्थिर होईपर्यंत. मग उभी तुटक रेघ आणि उपाय सुरू. ओळ वर किंवा खाली वळली तरी ते पुरत नाही. योगायोग असू शकतो. म्हणून उपाय मागे घेऊन पाहतात, ओळ परतली की पुन्हा लावतात. जिथे मागे घेणे क्रूरपणाचे किंवा अशक्य असते, उदाहरणार्थ मूल वाचायला शिकले तर त्याला ते विसरायला लावता येत नाही, तिथे तीन मुलांना वेगवेगळ्या आठवड्यांत उपाय सुरू करतात आणि ज्याची त्याची ओळ ज्याच्या त्याच्या वेळीच वळते का ते पाहतात.

या पद्धतीचे तत्त्वज्ञान मरी सिडमन यांनी १९६०च्या 'टॅक्टिक्स ऑफ सायंटिफिक रिसर्च' या पुस्तकात मांडले. गटाची सरासरी कोणत्याच एका माणसाचे वर्णन करत नाही, हा त्यांचा मुद्दा. तीन मुलांवरून जगाबद्दल काय सांगणार, या आक्षेपाला उत्तर असे की एकाच अभ्यासाने काहीच सांगायचे नसते. दुसऱ्या गावी, दुसऱ्या हातांनी तेच पुन्हा घडले की मग बोलायचे. उत्तर तर्काला धरून आहे. अडचण अशी की फसलेले प्रयोग छापायला नियतकालिके फारशी उत्सुक नसतात, त्यामुळे 'पुन्हा घडले' हे जितके दिसते तितके 'पुन्हा घडले नाही' हे दिसत नाही. अलीकडे या विषयाच्या आतूनच त्यावर टीका होऊ लागली आहे.

विद्यार्थ्याचा बराच काळ ठिपके पाहण्यात जातो. पातळी, कल आणि चढउतार असे तीन गुण नजरेने जोखायला शिकवतात. एकूण सत्रांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शात दुसरा निरीक्षक बसवायचा आणि दोघांचे एकमत ८० टक्क्यांच्या वर हवे, असा संकेत आहे. प्रबंधाच्या मौखिक परीक्षेत समितीचा प्रश्न बहुधा असा येतो : 'बेसलाइनचे शेवटचे दोन ठिपके आधीच खाली चालले होते. तरी उपाय का सुरू केला?' पालक घाई करत होते, शाळेची सुट्टी लागणार होती, ही उत्तरे खरी असतात आणि ती मोजली जात नाहीत. त्याआधी विषयवार परीक्षा, एखाद्या प्रश्नावरच्या साऱ्या साहित्याचा आढावा, संशोधनाचा आराखडा आणि विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी, हे टप्पे इतर कुठल्याही पीएच.डी.सारखेच आहेत.

परवाना, पगार आणि बाजार

अमेरिकेत वर्तन-विश्लेषक म्हणून काम करायला पीएच.डी. लागत नाही, ही गोष्ट बाहेरच्यांना चकित करते. १९९८ साली स्थापन झालेले एक प्रमाणन मंडळ 'बीसीबीए' ही पात्रता देते. त्यासाठी पदव्युत्तर पदवी, ठरलेला अभ्यासक्रम, देखरेखीखाली १,५०० ते २,००० तास प्रत्यक्ष काम आणि परीक्षा एवढे पुरते. डॉक्टरेट असलेल्यांच्या नावापुढे 'डी' हे अक्षर लागते, पण त्याने जास्तीचा अधिकार मिळत नाही. मग पाच वर्षे कशासाठी? विद्यापीठात शिकवायचे असेल, नवी पद्धत शोधायची असेल, राज्याच्या सेवा आखायच्या असतील किंवा इतर सगळे हात टेकतात ती केस हातात घ्यायची असेल, तर.

प्रशिक्षणात ही उतरंड दिसते. पीएच.डी.चा विद्यार्थी पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर देखरेख करतो, ते पदवीच्या मुलांवर, आणि मुलासमोर बसते सर्वांत खालची पायरी. म्हणून संशोधकाला माणसे शिकवायची पद्धतही शिकावी लागते. तिचे चार भाग ठरलेले आहेत : सांगणे, करून दाखवणे, करवून घेणे आणि लगेच दुरुस्ती. व्याख्यान ऐकून कोणी थेरपिस्ट झालेला नाही, हे या लोकांनी स्वतःच्याच आलेखांवर पाहिलेले आहे.

अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत आरोग्य विम्यातून स्वमग्न मुलांच्या उपचारांचा खर्च मिळू लागल्यावर हे क्षेत्र झपाट्याने फुगले. तिथल्या सरकारी पाहणीने २०२५ साली आठ वर्षांच्या ३१ मुलांमागे एक मूल स्वमग्न असल्याचे सांगितले. बीसीबीएधारकांची संख्या सत्तर हजारांच्या पुढे गेली आहे. एवढ्यांना शिकवायला डॉक्टरेट असलेले प्राध्यापक त्या प्रमाणात वाढलेले नाहीत. कारण पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडले तरी चांगला पगार मिळतो. गुंतवणूकदार कंपन्याही उतरल्या. यूसीएलएमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, पीएच.डी. झालेल्या डोरीन ग्रँपीशे यांनी १९९० साली सुरू केलेली 'सेंटर फॉर ऑटिझम अँड रिलेटेड डिसऑर्डर्स' ही साखळी २०१८ साली ब्लॅकस्टोनने विकत घेतली. २०२३ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ती पुन्हा संस्थापिकेच्या हाती आली. आठवड्याला किती तासांचे बिल निघते याला महत्त्व आले की मुलाला किती तास लागतात हा प्रश्न मागे पडतो. पीएच.डी.च्या नीतिशास्त्राच्या तासाला आता हा धडा मालकांच्या हेतूंवर टीका म्हणून न शिकवता प्रबलनाचे उदाहरण म्हणून शिकवता येतो : बिलाच्या तासांनी कोणाचे वागणे वाढले?

आक्षेप वर्गात आले

या विषयाच्या इतिहासात लाज वाटावी अशी पाने आहेत. यूसीएलएचे इव्हार लोवास यांनी १९८७ साली निबंध लिहिला. आठवड्याला सुमारे ४० तास थेरपी मिळालेल्या १९ मुलांपैकी नऊ जण शाळेत आणि बुद्धिमापनात सर्वसामान्य पातळीवर आले, असा त्याचा निष्कर्ष. पालकांच्या आशा त्यावर उभ्या राहिल्या. मुले चिठ्ठ्या टाकून गटांत वाटली नव्हती, हा दोष संशोधकांनी लगेच दाखवला. त्याहून गंभीर म्हणजे त्या काळात चापट आणि दटावणी ही उपचाराचा भाग होती, आणि साठच्या दशकात लोवास यांनी विजेचे धक्केही वापरले होते. स्किनर यांच्याच एका विद्यार्थ्याने काढलेल्या, मॅसॅच्युसेट्समधल्या निवासी संस्थेत धक्क्यांचा वापर पुढे कित्येक दशके चालू राहिला. अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० साली घातलेली बंदी न्यायालयाने २०२१ साली रद्द केली. वर्तन-विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या धक्क्यांना स्पष्ट विरोध केला तो २०२२ साली. उशीर फार झाला, हे संघटनेतलेच अनेक जण म्हणतात.

स्वमग्न प्रौढांची टीका यापलीकडे जाते. कॅनडातल्या स्वमग्न संशोधक मिशेल डॉसन यांनी २००४ साली विचारले की ज्या व्यक्तीचे वागणे बदलायचे तिला कोणी विचारले का. हात फडफडवणे थांबवून, डोळ्याला डोळा भिडवायला लावून मुलाचे काय भले झाले? आसपासच्यांची सोय झाली, एवढेच. वास्तविक वुल्फ यांनी १९७८ सालीच लिहून ठेवले होते की ध्येय, पद्धत आणि परिणाम या तिन्हींबद्दल ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांचे मत घ्यायला हवे. अनेक वर्षे त्याचा अर्थ पालकांची आणि शिक्षकांची प्रश्नावली एवढाच घेतला गेला.

गेल्या काही वर्षांत प्रशिक्षण बदलते आहे. २०२२पासून लागू झालेल्या आचारसंहितेत मुलाच्या संमतीचा विषय आला. पालकांनी सही केली तरी मूल खुर्चीतून उठून दाराकडे जात असेल, तर तो नकार मानायचा का, हे ठरवायला विद्यार्थ्याला शिकवतात, आणि त्या नकाराचीही व्याख्या लिहायला लावतात. इवाटांकडे शिकलेले ग्रेगरी हॅन्ली आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली मांडलेल्या पद्धतीत आधी पालकांशी मोकळी मुलाखत असते आणि मूल शांत, रमलेले राहील अशी परिस्थिती तयार करून मगच चाचणी होते. सगळ्यांना ती पुरेशी काटेकोर वाटत नाही. इवाटांच्या परंपरेतले काही जण जुन्या चार परिस्थितींवर अजून ठाम आहेत. हा वाद परिषदांमध्ये रंगतो आणि त्यातून नव्या प्रबंधांना विषय मिळतात.

मराठी घरात

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या घरी विम्यातून येणारी थेरपिस्ट इंग्रजीत शिकवते. घरात एकच भाषा ठेवा, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. आता त्याला आधार नसल्याचे मानतात. पण मराठीत शिकवायचे म्हटले तर तयार साहित्य अपुरे पडते. मागणी करायला शिकवताना इंग्रजीत एकच साचा सगळ्या वस्तूंना चालतो. मराठीत चेंडू हवा, पोळी हवी, पाणी हवं. न बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच पायरीवर तीन लिंगे कशाला, म्हणून 'दे' पासून सुरुवात करणे शहाणपणाचे. असे निर्णय भाषांतर केलेल्या पुस्तिकेत सापडत नाहीत. ते मोजून घ्यावे लागतात आणि खरे तर एका चांगल्या प्रबंधाचा तो विषय आहे.

भारतात पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी १९९२च्या कायद्याने स्थापन झालेली परिषद करते. तिच्या यादीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत. वर्तन-विश्लेषक अशी वेगळी वर्गवारी नाही. त्यामुळे कोणीही थोडके प्रशिक्षण घेऊन पाटी लावू शकतो, आणि पालकांना पारख करायला हाताशी काही नसते. अमेरिकी मंडळाने २०२३पासून आपले प्रमाणन अमेरिका-कॅनडासारख्या मोजक्या देशांपुरते मर्यादित केले. ऑनलाइन मार्गदर्शनाखाली तास भरणाऱ्या इथल्या विद्यार्थ्यांना त्याचा थेट फटका बसला. काही जण आता 'आयबीएओ' किंवा 'क्यूएबीए' यांसारख्या इतर आंतरराष्ट्रीय संस्थांच्या परीक्षांकडे वळतात. त्यांना डॉक्टरेटची अट नाही.

भारतीय विद्यापीठातून पीएच.डी. करायची तर यूजीसीचे २०२२चे नियम लागू होतात : किमान तीन वर्षे, कमाल सहा, आणि किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम. देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाच्या तासांची अट त्यात नाही. मानसशास्त्र किंवा विशेष शिक्षण विभागात हा विषय घेणाऱ्याला ती व्यवस्था स्वतः उभी करावी लागते : मुले असलेली संस्था, दुरून का होईना पण आलेख वाचणारा जाणता मार्गदर्शक, आणि तिसऱ्या हिश्शाच्या सत्रांना न चुकता येऊन बसणारा दुसरा निरीक्षक. तीन-चार मुलांच्या आलेखांवर उभा असलेला प्रबंध बघून नमुना एवढा लहान कसा, असे बाहेरचे परीक्षक विचारतात, तेव्हा सिडमन यांचे पुस्तक उघडून बसायची तयारीही ठेवावी लागते.